तिचा पासवर्ड मी ठेवला होता

२२ ऑगस्ट २०२५, पोळा

ही बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची वही. अकरा पानं भरलेली, बाकी कोरी, कारण बाकीचं कॉलेज मी केलंच नाही. कॉम्प्युटरवर लिहिणार नाही. आजपासून कोणत्याच मशीनवर भरवसा नाही.

आज जे झालं ते लिहून ठेवतो. उद्या राग उतरला तर वाचून परत चढवता येईल.

तोरणाखाली बैल उभे होते. वामनरावांची जोडी दुसऱ्या नंबरला, शिंगांना बेगड, पाठीवर नवी झूल. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगात आल्या होत्या आणि माणसांचे खिसे वाजायला लागले. आधी एक, मग चार, मग सगळेच. सलोनीच्या इन्स्टावरून तिच्या यादीतल्या प्रत्येकाला घाणेरडे फोटो आणि खाली लिंक. पाच मिनिटांत ते गावाच्या ग्रुपवर. फोटो तिचे नाहीत हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण गावाला कळून घ्यायचं नसतं. झडती म्हणणारा मधेच थांबला. वामनरावांना कोणी फोन दाखवला नाही. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, त्यावरूनच त्यांना कळलं की आपल्या पोरीचं काहीतरी आहे. कासरा भावाच्या हातात दिला आणि घराकडे चालू लागले. तोरण तुटून पोळा फुटायच्या आधीच धनी निघून गेलेला मी आजवर पाहिला नव्हता.

ज्यानं हे केलं त्याला मी सोडत नाही. बाजाराच्या दिवशी, बसस्टँडच्या चौकात, सगळ्या गावासमोर त्याचं नाव गळा फाडून घेईन. मग त्याचे हात मोडीन. बाबांची शपथ. बाबा असते तर शपथ घेतल्याबद्दल त्यांनी मलाच आधी हाणलं असतं, पण ते नाहीत.

२३ ऑगस्ट

सलोनीचं कॉलेज बंद. फोन वामनरावांनी कपाटात टाकला. मैत्रेयीनं सांगितलं. ती बारावीत आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण घरात मोठ्या बहिणीसारखी बोलते.

"शेवटचं वर्ष होतं तिचं," म्हणाली. "परीक्षेचा फॉर्म नाही भरला तं गेलं वर्ष."

मी सकाळपासून सलोनीचं अकाउंट उघडायचा प्रयत्न करतो आहे. पासवर्ड चुकीचा, असं येतं. त्या हरामखोरानं बदलला.

दोन वर्षं तिनं बदलला नव्हता. हे लिहावं की नाही? ही वही माझी आहे, लिहितो. फर्स्ट इयरला परीक्षेचे फॉर्म सुटले तेव्हा ऑनलाईन सेंटरवर ही रांग, सर्व्हर बसलेला. सलोनी मैत्रिणीला घेऊन आमच्या घरी आली, कारण आमच्याकडे कॉम्प्युटर. आईनं पोहे केले. ईमेल काढावा लागला. मी विचारलं, पासवर्ड काय ठेवू? ती म्हणाली, "ठेव न काही. माह्या ध्यानात राहीन असा ठेव." गावात सगळे असंच म्हणतात, कीबोर्डवर जो बसला त्याला. मी ठेवला. बारशाला नाव ठेवावं तसा, दहा मिनिटं विचार करून. ब्राउझरनं विचारलं, जतन करू का? मी हो म्हटलं. पुढे इन्स्टालाही तिनं तोच टाकला. मी करून पाहिलं तर उघडलं.

पुढच्या महिन्यात एकानं तिच्यावरून काहीतरी म्हटलं, मी त्याला प्रयोगशाळेतच धुतला, आणि कॉलेज सुटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पण पासवर्ड बदलला नाही. मी नको असतो तर बदलला असता न? रोज संध्याकाळी एकदा उघडायचो. काही करायचो नाही. तिच्या घरावरून सायकल न्यावी तसं, नुसतं पाहून परत.

म्हणूनच मला माहीत आहे हे कोणी केलं. रजत. बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. जुलैत तिच्या फोनची काच त्यानं बदलली, तेव्हापासून "रजतभाऊ, रजतभाऊ" सुरू. वीस तारखेला तिनं त्याला लिहिलं होतं, "भाऊ, माहं अकाउंट अजून कुठं उघडं आहे का, हे कसं पाहाचं?" त्याचं उत्तर, "दुकानात ये, दाखवतो."

दुकानात ये! आणि दोन दिवसांत हे. भाऊ म्हणवून घेतो साला.

२५ ऑगस्ट

घनश्याम सरांकडे गेलो. पूर्वी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, आता कॉम्प्युटरचे क्लास. सर फडक्यानं कीबोर्ड पुसत होते.

"सर, मले हॅकिंग शिकवा."

"कोणाले मारायचं आहे?"

"ते नंतर सांगतो."

"बरं. घरचा कॉम्प्युटर शेवटचा अपडेट कवा केलता?"

"कोपऱ्यात मेसेज येते, सर. मी 'नंतर' दाबतो."

"कवापासून?"

"घेतला तवापासून."

सर हसले नाहीत, त्याचा जास्त राग आला. म्हणाले, "अबे, तू कुऱ्हाड मागायले आला अन् तुह्या घराले कडी नाही. आधी कडी लाव. अपडेट कर. मग ये."

एवढंच. तासाभराच्या शिकवणीत एवढंच. पण रजतच्या मशीनमध्ये घुसायचं तर दुसरं कोणी शिकवणारं गावात नाही. करतो.

२७ ऑगस्ट

अपडेटला साडेचार तास लागले, त्यात दोनदा लाईट गेली. टक्के मोजत बसलो. प्रत्येक टक्क्याला रजतचं एकेक बोट.

आईच्या फोनवर सारखे सहा आकडी नंबरचे मेसेज येतात. ती अंगणवाडीत मदतनीस, तिथली माहिती भरायला तिचा ईमेल आहे, त्याचे असतील. "कोणती कंपनी आहे बाप्पा, बक्षीस लागलं का मले?" म्हणत होती. मैत्रेयीनं फोन हिसकावलाच तिच्या हातून.

"आई, हा नंबर कोणाले सांगू नको. कोणी विचारलं तरी नाही."

"मी कायले सांगू? मले वाचता तं आला पाहिजे."

मैत्रेयी मला म्हणाली, "दादा, माह्या मेललेही कोणीतरी उघडायचा प्रयत्न करून राह्यलं. बरं झालं मी फोनवर कोड यायचं लावून ठेवलं होतं, माहं अन् आईचं. तुहं लावू का?"

मी म्हटलं, माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं?

३० ऑगस्ट

सलोनीचा वाढदिवस. व्हिडिओ तयार आहे. तिचे एकोणतीस फोटो, एकामागून एक विरघळणारे. त्यासाठी एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळवलं होतं, पोळ्याच्या पाच दिवस आधी, सगळी सोंगं करून. पाठवायचं कुठे? तिचं अकाउंट आता त्याच्याकडे आहे.

तीनदा पाहिला. मग बंद केला.

२ सप्टेंबर

केलं.

अकराच्या सुमाराला दुकानात गेलो. रजत एका म्हाताऱ्याला फोनचा आवाज मोठा करून देत होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, पोळ्याचं काम तूच केलं न?

"कोणतं काम?"

"सलोनीचं. तिचा फोन तुह्याकडे होता."

"काच बदलाले होता, तो बी जुलैत. राजदीप, डोकं ठिकाणावर आहे का तुहं?"

"मग वीस तारखेले तिले दुकानात काहून बोलावलं? ती तुले विचारत होती अकाउंट अजून कुठं उघडं आहे का, अन् तू म्हणे दुकानात ये!"

रजत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "तिनं मले काय लिहिलं ते तुले कसं माहीत?"

मी काउंटरच्या काचेवर हात मारला. काच गेली. तळहात कापला, रक्त कव्हरांच्या पाकिटांवर. लोक जमले, आणि लोकांनी काच पाहिली, रक्त पाहिलं, त्याचा प्रश्न कोणी ऐकला नाही.

मला त्याच्या प्रश्नाचा राग आला नाही. का आला नाही कोणास ठाऊक. मी पळालो तेव्हा मला वाटलं मी जिंकून निघालो आहे.

५ सप्टेंबर

गाव माझ्या बाजूनं. रजतकडे कोणी फोन टाकत नाही. वामनरावांनी तक्रारीत त्याचं नाव दिलं. पोलिसांनी काल त्याला दिवसभर बसवून ठेवलं, फोन जमा केला. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "राजदीपनं बरोबर पकडला, पोट्टा हुशार आहे." दोन कप प्यायलो.

हाताला आईनं हळद भरली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "त्या पोरीचं नाव तुह्या तोंडून चौकात निघालं. ते लोकं कोण, आपण कोण, हे मी तुले सांगावं का?"

मी म्हटलं, मी तिच्यासाठीच केलं.

"तिनं सांगतलं होतं का?"

९ सप्टेंबर

परत सरांकडे. अपडेट झालं म्हटलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. पुढचा अभ्यास. रोजच्या वापराचं खातं वेगळं करायचं, ज्यातून काही बसवता येत नाही, आणि मालकाचं खातं वेगळं. महत्त्वाच्या फायली पेनड्राईव्हवर घेऊन पेनड्राईव्ह काढून डब्यात. फुकट आणलेलं जे जे असेल ते उडवायचं. आणि ब्राउझरनं जतन केलेल्या पासवर्डची यादी उघडून एकेक पाहायचा.

"यादी कायले, सर?"

"दाराची किल्ली कोणाकोणाकडे आहे ते मालकाले माहीत नको का?"

खाती केली. पेनड्राईव्ह आईच्या गोडंबीच्या डब्यात ठेवला. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ठेवलं, त्यात तिचा व्हिडिओ आहे. यादी उघडली नाही. तिथे तो पासवर्ड आहे. आता उपयोगाचा नाही, तरी आहे. तिचं माझ्याकडे तेवढंच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

हे सगळं लिहिणार आहे.

कॉम्प्युटर दोन दिवस आपोआप बंद पडत होता. सीपीयू आईच्या जुन्या लुगड्यात बांधून बाईकवर सरांकडे नेला. सरांनी पूर्ण तपासणी लावली आणि आम्ही चहा घेतला. दीड तासानं एक लाल ओळ आली.

"हे एडिटिंगचं कुठून आणलं?"

"नेटवरून. फुकट होतं."

"टाकताना अँटीव्हायरस बंद कर म्हणे का ते?"

"हो. नाहीतर चालत नाही असं लिहिलं होतं."

"चोरानं फोन करून सांगतलं, येऊन राह्यलो, कुत्रं बांधून ठेवा. अन् तू बांधलं."

मी हसलो. खरंच हसलो, हे लिहून ठेवतो.

"काय करते सर हे?"

"ब्राउझरमंधी साठवलेले सगळे पासवर्ड एका खेपेत उचलते अन् धन्याकडे पाठवते. तारीख काय आहे? सतरा ऑगस्ट." सरांनी माझ्याकडे न पाहता यादी उघडली. मी सांगितलेलं न केल्याचं त्यांना तेव्हाच कळलं असावं. आईचा, लाल. मैत्रेयीचा, लाल. माझे सहा, सहाही एकाच पासवर्डचे, लाल. त्याखाली शेवटची ओळ.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही सलोनी वामनरावाची?"

मी कप खाली ठेवला.

"तिची किल्ली तुह्या घरात काहून आहे राजदीप?"

सरांच्या पंख्याला आवाज येतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

मी विचारलं, "सर, ज्यानं नेले तो कोण?"

"कोणी बी. कुठल्या मुलखात बसला असंन. त्याले बाभुळगाव नावाचं गाव आहे हे बी माहीत नाही."

"मग मी मारू कोणाले?"

त्यांनी सीपीयूची वायर काढली आणि गुंडाळायला लागले.

१५ सप्टेंबर

फॉरमॅट मारला की संपलं. वीस मिनिटांचं काम. सर बोलणार नाहीत, तसे ते नाहीत. रजतच्या फोनमध्ये पोलिसांना काही सापडणार नाही, दोन महिन्यांत लोक विसरतील. सलोनीला कधीच कळणार नाही.

मालकाच्या खात्यातून आत गेलो. तिथे विचारतं, सर्व काही पुसायचं आहे, खात्री आहे का? हात तिथेच. त्याच तळहाताला कापलेलं आहे, अजून पिवळं.

हात मोडायची शपथ घेतली होती. हा कोणाचा हात आहे?

पुसलं नाही. व्हिडिओ उडवला. सॉफ्टवेअर उडवलं. तिची ओळ उडवताना पुन्हा तेच, खात्री आहे का? हे मशीन प्रत्येक गोष्ट विचारतं. जतन करू का, हेही त्या दिवशी विचारलं होतं. मला विचारलं होतं. ती मागे खुर्चीत पोहे खात बसली होती.

१७ सप्टेंबर

मैत्रेयी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच बोलली. "रजतभाऊ सामान बांधून राह्यला. दुकान सोडते म्हणे, यवतमाळले जाते मामाकडे."

मी तिला सगळं सांगितलं. पासवर्ड, दोन वर्षं, रोज संध्याकाळ, सगळं. ती ओरडेल वाटलं होतं. तिनं विचारलं, "माहाही पाहत होता का?"

"नाही."

"मी कसं समजू?"

तिनं समोर बसून स्वतःचा पासवर्ड बदलला. कीबोर्डवर ओढणी टाकून.

आईला सांगितलं तेव्हा ती तुरीची डाळ निवडत होती. निवडणं थांबलं नाही. "बाजार परवा आहे," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पोरीचं नाव घेजो नको. आपलंच घे."

१९ सप्टेंबर, बाजार

पानठेल्याच्या बाकावर उभा राहिलो. समोर भाजीवाले, पलीकडे रजतचं अर्धं रिकामं दुकान, दारात खोकी. शपथेप्रमाणे गळा फाडायचा होता, पण पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. पानवाला म्हणाला, "उतर न बे, बाक मोडतं."

मग निघाला. "पोळ्याच्या दिवशी जे झालं ते रजतनं नाही केलं. माह्या कॉम्प्युटरमधून झालं. मी राजदीप उकंडाजी मुनेश्वर. दुसऱ्याचा पासवर्ड मी न विचारता ठेवून घेतला, अन् फुकटचं सॉफ्टवेअर टाकून चोराले घरात घेतलं. रजतवर आळ मी घेतला. काच मी फोडली."

मला वाटलं होतं दगड पडतील. पण मोतीबाई, ज्यांच्या पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मागच्या वर्षी मी भरला होता, वांग्याच्या ढिगामागून उठल्या.

"अबे थांब! माह्या पोराचा पासवर्ड तूच ठेवलता न?"

"हो काकू."

"तो बी गेला का?"

"तो जतन नव्हता केला..."

"नव्हता केला म्हणे! तुह्यावर भरवसा ठेवाचा का आता?"

मग एकेक आवाज यायला लागला. माहा तूच काढलता. आमच्या सुनेचाही. अन् माहा सेंटरवाल्यानं ठेवला, त्याच्या बी घरी असंन का मंग? निम्म्या बाजाराला आज पहिल्यांदा कळलं की आपली किल्ली आपण कधी हातात धरलेलीच नाही. मला शिव्या घालायलाही कोणाला फुरसत नव्हती. सगळे फोन काढून रजतच्या दुकानाकडे वळले. कारण बाजारात दुसरं आहे कोण?

रजत खोक्यावर बसला होता. काउंटरला काच नव्हती, पुठ्ठा होता.

"आता येता काय?" तो म्हणाला. "पंधरा दिवस माही सावली नोको होती तुमाले." त्यानं खोक्यातून स्टूल काढलं. "रांगेत या. अन् मले पासवर्ड सांगू नोका, मी ठेवूनही देत नाही. आपापला आपण टाका. येत नसंन तं शिका."

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

वामनराव रांगेत नव्हते. ते सरळ माझ्यापर्यंत आले.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले, काका."

कानाखाली बसली ती मी मोजून घेतली. एकच होती. दुसऱ्यासाठी दुसरा गाल तयार होता, पण ते म्हणाले, "पोलिसाकडे माह्यासंग चाल. रजतचं नाव काढाचं आहे." चौकीपर्यंत ते पुढे, मी मागे. जबाब लिहून घेणाऱ्यानं तीनदा विचारलं, हे लेखी देतो का? दिलं. पुढे माझं काय होईल ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सीपीयू त्यांनी ठेवून घेतला.

२४ सप्टेंबर

घर मोकळं दिसतं. टेबलावर सीपीयूच्या जागी धुळीचा चौकोन आहे, आईनं तो पुसलेला नाही.

त्या चोराला मी सोडलेलं नाही. कुठल्याही मुलखात असो. पण आता कोणाला शिकवा म्हणायला जात नाही.

सलोनीचं अकाउंट सरांनी कागदपत्रं पाठवून परत मिळवलं. परवापासून ती पुन्हा कॉलेजच्या एस.टी.त दिसते, असं मैत्रेयी सांगते. परीक्षेचा फॉर्म सरांच्या क्लासमध्ये भरला, तिनं स्वतः टाईप करून, एका बोटानं. नवा पासवर्ड टाकायच्या आधी तिनं सगळ्यांना तोंडं भिंतीकडे करायला लावली. सरांना, मैत्रिणीला, आणि वामनरावांनाही. वामनराव म्हणाले, मी बाप आहो तुहा. ती म्हणाली, "हो न बाबा. तिकडं पाहा." आणि ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले.

माझ्यासाठी काही निरोप? विचारलं नाही. नसणारच.

संध्याकाळी मैत्रेयी खाटेवर बसून फोनवर कुठलासा कोर्स उघडत होती. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. मी उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो, घराकडे पाठ करून. ती हाक मारेपर्यंत.